कोकण रेल्वेचे वाटेकरी

रोहा स्टेशनाला एक मान आहे. गावकऱ्यांनाही त्याची फारशी जाणीव नसते. मुंबईकडून येणारी मध्य रेल्वे येथे संपते आणि येथूनच कोकण रेल्वे सुरू होते. रूळ तोच, गाडी तीच, गाडीतला माणूसही जागचा हलत नाही. पण मालक बदलतो आणि हिशेबाची वही बदलते. ह्या दुसऱ्या वहीविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे.

कोकण रेल्वेवर व्याख्यान म्हटले म्हणजे बोगद्यांची लांबी आणि पुलांची उंची सांगावयाची, असा एक प्रघात पडून गेला आहे. तीही सांगू, कारण तो पराक्रम खराच आहे. परंतु आम्ही पडलो कामगार चळवळीतले. आमचे शिक्षण गेटसभेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झालेले. कोणतेही मोठे बांधकाम पाहिले की आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की ह्यात वाटेकरी कोण कोण होते, प्रत्येकाने काय घातले, आणि काम पुरे झाल्यावर प्रत्येकाच्या पदरात काय पडले? व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गातून हल्ली हेच मोठ्या नावाने शिकवतात: प्रकल्पाचे हितसंबंधी कोण, आणि प्रकल्पाचे मूल्य कशात मोजावयाचे. आमच्या पेणच्या खारपटातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. खारीचा बांध घालावयाचा तर कोणाच्या घरातून किती हात येणार आणि उधाणाला बांध फुटला तर रात्री कोणी धावावयाचे, हे आधी ठरवावे लागते; नाहीतर खाडीचे पाणी एकाच्या शेतात शिरून थांबत नाही.

कोकणाने ह्या रेल्वेची वाट किती पाहिली, हे तरुण श्रोत्यांना सांगितले पाहिजे. मुंबई डोळ्यांसमोर दिसत असूनही तेथे जावयाचे ते पाण्यावरून. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली; स्वातंत्र्य अवघे चार आठवड्यांवर आले होते. त्या बोटीत बसलेली माणसे हौसेने समुद्रावर गेली नव्हती, दुसरी सोयीची वाट नव्हती म्हणून गेली होती. अ. ब. वालावलकर यांनी कोकणच्या रेल्वेचा ध्यास घेतला आणि आयुष्य त्यात घालविले. बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत कोकणचा आवाज उठविला. आमच्या रोह्याशी ज्यांचे नाते, ते चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. पण तिजोरीच्या किल्ल्या आपल्या माणसाच्या हाती असल्या म्हणजे रूळ दारात येतात, असे काही नाही.

दिवा–पनवेल रूळ पडले आणि १९६६ साली ते आपट्यापर्यंत आले. तेथे मात्र गाडी थांबली ती वीस वर्षे. आपट्याहून पेण, नागोठणे करीत रोह्याला पोहोचावयाचे तर अंतर सुमारे साठ किलोमीटरांचे; गाडी रोह्याला आली ती १९८६ साली. म्हणजे वर्षाला तीन किलोमीटर. एवढ्या वेगाने तर मुंगीही चालत नाही, असे तेव्हा लोक थट्टेने म्हणत. मधू दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते, तेव्हा ह्या टप्प्याला चालना मिळाली. पुढे काम सरकले, त्याला आणखी एक कारण होते. थळला खताचा कारखाना उभा राहिला, नागोठण्याला वायूवर चालणारे रसायनसंकुल येऊ घातले, रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत वाढली. पेणहून थळपर्यंत खतासाठी वेगळा फाटा गेला. त्या फाट्यावरून खत सुखाने प्रवास करते. अलिबागच्या माणसाने कित्येक वर्षे मागणी केली तरी त्याला त्यावर बसावयास मिळालेले नाही. कोणाचा शब्द कोठे वजनदार ठरतो हे समजण्यास एवढा एक फाटा पुरे.

रोह्याच्या पुढे मंगळूरपर्यंत जी वाट गेली, तिची गोष्ट मात्र निराळी आहे. १९८९ च्या अखेरीस दिल्लीत जे सरकार आले, त्यात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री झाले. एक मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार. वाटेची दोन्ही टोके एका मंत्रिमंडळात बसली. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून पैसा मिळाला असता तर रोहा–मंगळूर वाटेला आणखी दोन पिढ्या लागल्या असत्या. म्हणून जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ काढले गेले. ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भागभांडवल ठरले ८०० कोटी रुपयांचे. त्यात केंद्राच्या रेल्वे खात्याचे ४०८ कोटी, महाराष्ट्राचे १७६, कर्नाटकाचे १२०, आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ४८.

ह्या यादीत केरळचे नाव पाहून आम्ही प्रथम थबकलो. ७४१ किलोमीटरांच्या ह्या वाटेचा एक मीटरही केरळच्या भूमीत नाही. मग त्या राज्याने ४८ कोटी का घातले? कारण उघड आहे. मुंबईत टंकलेखनापासून शुश्रूषेपर्यंत कामे करणारी त्यांची लक्षावधी माणसे फार मोठा वळसा घालून गावी जात होती. ज्या वाटेचा आपल्याला उपयोग आहे तिच्यात आपला वाटा घालावा आणि मग बैठकीत खुर्ची मागावी, हा व्यवहार मल्याळी माणसाला कळला. वाटेकरी होण्यासाठी जमीन आपलीच असावी लागते असे नाही, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता उरलेला पैसा. संपूर्ण वाटेचा खर्च व्याजासह साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला. भागभांडवल आणि खर्च यांच्यामधली दरी भरून काढली ती मुख्यतः बाजारात विकलेल्या कर्जरोख्यांनी. रोखे घेणारा मनुष्य हा फार नेमका वाटेकरी असतो. त्याला बोगदा खचला की पूल झाला याच्याशी कर्तव्य नाही. ठरल्या तारखेस व्याज पाहिजे. गाडी धावण्याच्या आधीच त्याचे मीटर सुरू होते. ह्या कामाला इतकी घाई का होती, कामावर उलट्या मोजणीची घड्याळे का लावली होती, याचे मर्म त्या व्याजात आहे. दिवस वाया गेला की व्याज चढले.

श्रीधरन यांनी ती घाई कर्तबगारीने पेलली, हे कबूल केले पाहिजे. वाट सात विभागांत वाटून दिली. महाडपासून उडुपीपर्यंत प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता, आणि निर्णय जागच्या जागी. कागद दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत डोंगर थांबत नाही, हे त्यांनी जाणले होते. ठेकेदारांची बिलेही अडवून ठेवावयाची नाहीत, असे धोरण होते. रोहा ते वीर हा टप्पा, आमच्या जिल्ह्यातला, १९९३ मध्येच चालू झाला. संपूर्ण वाट खुली झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. नव्वदांहून अधिक बोगदे, त्यांत करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा; पनवळचा पूल ६४ मीटर उंच; लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. ज्यांनी सह्याद्रीच्या पायथ्याची ती तांबडी, पाण्याने लोणी होणारी माती पाहिली आहे त्यांना ह्या आकड्यांचा अर्थ सांगावयास नको.

जमिनीच्या मालकांशी बोलणे कसे झाले, ते पाहू. चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन ह्या वाटेखाली गेली. कोकणातल्या खातेदाराची जमीन म्हणजे काय, हे आपण जाणतोच: एका सातबाऱ्यावर बारा नावे, त्यांतली सात मुंबईला, एक कोठे आहे ते ठाऊक नाही, आणि मधोमध एक फणसाचे झाड ज्याच्यावरून दोन चुलत भावांत बोलणे बंद. अशा ठिकाणी भूसंपादनाला दहा वर्षे लागती तरी नवल नव्हते. महामंडळाची माणसे स्वतः घरोघर गेली, पैसे लवकर पोचविले, आणि संपादनाचा मोठा भाग साधारण वर्षभरात उरकला. पुष्कळांनी आपण होऊन जमीन दिली. कोकणात ‘आपली गाडी येते’ ही भावना तेव्हा खरोखरच होती. परंतु त्या भावनेला एक व्यावहारिक टोकही होते: जमीन गेलेल्या घरातल्या मुलाला रेल्वेत नोकरी मिळेल, ही आशा. महामंडळाने भरतीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य दिले, हे खरे. पण वाट बांधावयास जितके हात लागतात तितके ती चालवावयास लागत नाहीत, आणि चाळीस हजार खात्यांना पुरतील एवढ्या नोकऱ्या कोणत्याही रेल्वेत निघत नाहीत. हा हिशेब पहिल्या दिवशी कोणी मांडून दाखविला असता तर पुढच्या तीस वर्षांतले पुष्कळ मोर्चे आणि उपोषणे टळली असती.

गोव्यात निराळे घडले. तेथे ही वाट खाजन जमिनींतून आणि दाट वस्तीच्या किनारपट्टीतून जाणार होती. खाजन म्हणजे आपल्या खारपटाचेच भावंड: खाडीला बांध घालून, उघडीप ठेवून पिकविलेली जमीन. तीमधून रेल्वेचा भराव गेला तर पाण्याचा निचरा कोठून होईल, जुन्या गोव्याच्या चर्चवास्तूंना काय होईल, असे प्रश्न गोवेकरांनी विचारले आणि वाट आतून पूर्वेकडून न्यावी म्हणून चळवळ केली. १९९३ साली काम थांबले. न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला. अखेर मार्ग बहुतांशी मूळचाच राहिला, आणि कित्येकांनी गोवेकरांना विकासविरोधी ठरविले. आम्हांला ते पटत नाही. भरावाने निचरा अडतो हे कल्पनेतले भय नव्हे. पेण-वडखळकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. गोवेकर संघटित होते, शिकलेले होते, त्यांच्यापाठीमागे वर्तमानपत्रे होती, म्हणून त्यांच्यासाठी आयोग बसला. इतरत्र ज्यांच्या शेतात पाणी तुंबले त्यांच्यासाठी फार तर तलाठी आला.

येथवर ज्यांची नावे घेतली त्या प्रत्येकाशी कोणी ना कोणी बोलले. राज्यांशी बैठकीत, रोखेवाल्याशी बाजारात, खातेदाराशी ओटीवर, गोवेकराशी आयोगापुढे. एक वाटेकरी राहिला, त्याच्याशी बोलावयास कोणाला वेळ झाला नाही, कारण तो कामावर होता.

त्याची कुळकथा जुनी आहे. पेणहून खोपोलीला जा आणि बोरघाटाकडे मान वर करून पाहा. तो घाट १८५६ ते १८६३ या काळात इंग्रजी कंपनीने फोडला. विलायतेतल्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती. गाडीला तोटा आला तर ती रक्कम हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून भरावयाची. म्हणजे नफा तिकडे, जोखीम इकडे. एका वेळी चाळीस हजारांवर माणूस त्या डोंगरावर राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने किती मेले त्याची मोजदाद कोणी नीट ठेविली नाही. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तेथे मजुरांनी दंगा केला. हिंदुस्थानातील मजुरांच्या उठावांच्या इतिहासात त्याला मानाचे पान मिळावयास हवे. आमच्या शाळेच्या पुस्तकात ते नव्हते. सरकारनेही त्यातून इतका बोध घेतला, की पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, अशा बांधकामांवरील मजुरीचे तंटे लवकर निकालात काढण्यासाठी कायदा केला.

एकशेतीस वर्षांनी कोकण रेल्वे बांधली गेली तेव्हा सुरुंग सुधारले होते, परदेशी यंत्रे आली होती. मजुराला जी माणसे कामावर आणीत, ती मात्र तीच: मुख्य ठेकेदार, त्याच्या खाली उपठेकेदार, त्याच्या खाली मुकादम. आम्ही तेव्हा विशीत होतो. वाटेच्या कडेने ताडपत्रीच्या वस्त्या उठल्या. त्यांत आंध्रातले, ओरिसातले, बिहारातले लोक होते, आणि त्यांच्या बायका डोक्यावरून खडी वाहत. आमच्या संघटनेच्या कामात पुढे आम्हांला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली: वरच्या ठेकेदाराला बिल लवकर मिळाले म्हणून खालच्या मजुराला पगार लवकर मिळतो, असा काही निसर्गनियम नाही. पैसा पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीवर थोडा विसावा घेतो. कंत्राटी मजुरांचा कायदा १९७० पासून होता, परप्रांतीय मजुरांचा १९७९ पासून. पण बांधकाम मजुरांची सुरक्षितता आणि त्यांचा कल्याणनिधी यांचा स्वतंत्र कायदा झाला १९९६ साली, म्हणजे कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे आरपार गेल्यावर. आणि जे मंत्री ह्या महामंडळाचे जनक, ते १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपाचे सेनापती होते! आम्ही फर्नांडिसांना दोष देत नाही. त्यांचे मंत्रिपद वर्षभरही टिकले नाही. परंतु स्वतः कामगारांचा नेता असलेल्या मंत्र्याच्या हातून जन्मलेल्या कामात कामगाराला भागीदार म्हणून एक रकाना मिळाला नाही, ही इतिहासाची थट्टा खरी.

रत्नागिरीला श्रमशक्ती स्मारक उभारलेले आहे. वाट बांधताना मृत्यू पावलेल्या ७४ जणांच्या स्मरणार्थ ते आहे. देशातल्या कितीशा धरणांवर, पुलांवर असे स्मारक आहे? म्हणून महामंडळाला त्याचे श्रेय अवश्य द्यावे. तरी मनात येते, ज्या कामात दिवसाची किंमत व्याजाने मोजली जात होती, तेथे खचत्या बोगद्यात आज शिरावयाचे की चार दिवस आधार बांधून मग शिरावयाचे, हे ठरविताना बैठकीला मजुरांचा एखादा प्रतिनिधी असता तर ७४ हा आकडा तेवढाच राहता काय?

घाईची किंमत पुढेही निघाली. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली महाडकडच्या बाजूला, दोन्ही वेळा जूनच्या पावसात, डोंगरावरून आलेल्या दगडांनी गाड्या घसरल्या आणि अनेक प्रवासी गेले. त्यानंतर उतारांना जाळ्या ठोकल्या, कडे कापून सौम्य केले, गस्त वाढविली, पावसाळ्यात गाड्या हळू चालविण्याचे वेळापत्रक पक्के केले. बांधताना जो खर्च टळला असे वाटते तो टळत नाही, पुढच्या पानावर जातो; आणि तेथे तो कधी कधी पैशात चुकविता येत नाही.

आता मूल्याचा प्रश्न. वाट कोणासाठी मागितली होती? गिरणगावातल्या चाळीत राहणाऱ्या कोकण्यासाठी. गणपतीला, शिमग्याला तो दोन दिवसांची रजा घेऊन एस्.टी.च्या टपापर्यंत लटकत गावी येई. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि त्यानंतर त्यांतल्या बहुतेकांच्या गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. १९९८ मध्ये गाडी सावंतवाडीवरून पुढे धावू लागली तेव्हा, जिच्यासाठी नाथ पै बोलले, ती माणसे म्हातारी होऊन कायमची गावी परतली होती. मोठे बांधकाम इतका वेळ घेते की मागणारा एक आणि वापरणारा दुसराच ठरतो. आज तिचा लाभ कोणाला? केरळ-कर्नाटकाच्या लांब पल्ल्याच्या प्रवाशाला नक्कीच, रत्नागिरीच्या आंबेवाल्याला काही प्रमाणात, आणि ट्रकवाल्याला. १९९९ पासून आमच्या रोहा तालुक्यातल्या कोलाडहून गोव्याच्या वेर्ण्यापर्यंत मालाने भरलेले ट्रक आगगाडीच्या पाठीवर बसून जाऊ लागले. आराखडा काढणाऱ्यांना न सुचलेले हे मूल्य नंतर सापडले. कर्ज फेडण्यासाठी मात्र प्रवाशाकडूनच अधिक घेतले गेले: भाडे काढताना ह्या वाटेवरचे अंतर चाळीस टक्क्यांनी वाढवून धरावयाचे, अशी रीत पडली. म्हणजे रत्नागिरीचा माणूस प्रत्येक फेरीला, तिकिटावर न लिहिलेला, एक हप्ता भरीत आला. त्याला भागाचे कागद कोणी दिले नाहीत.

पेणच्या शेतकऱ्याने ह्या सगळ्यातून काय घेतले ते २१ सप्टेंबर २००८ रोजी दिसले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण तालुक्यातल्या जमिनी जावयाच्या होत्या. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते पाठीशी उभे राहिले, आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारला मतमोजणीसारखा कौल घ्यावा लागला. जमीन द्यावयाची की नाही, असे खातेदाराला सरळ विचारणे ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट. त्या कौलाचा निकाल सरकारने रीतसर जाहीर केला नाही. पण ते क्षेत्र उभेही राहिले नाही. ज्या तालुक्याने रेल्वेला जमीन देताना फारशी कुरकुर केली नव्हती, त्यानेच येथे नकार दिला. दोन्ही वेळी शेतकरी शहाणाच होता. एका वेळी गाडी सर्वांच्या दारात येणार होती, दुसऱ्या वेळी कुंपण पडणार होते.

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. बाकीच्या तीन राज्यांनी ती आधीच दिली होती. महाराष्ट्राने घातलेल्या अटींत दोन ठळक आहेत. नाव ‘कोकण रेल्वे’ असेच राहावे, ही एक. आणि राज्याने वेळोवेळी गुंतविलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत, ही दुसरी. राज्याने आपला वाटा लाखापर्यंत मोजून मागितला, हे योग्यच झाले. महामंडळाची वही मिटण्यापूर्वी तीत आणखी दोन याद्या नीट उतरवून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो: जमीन देऊन ज्या घरांना नोकरी मिळाली नाही त्यांची, आणि ज्या मजुरांचे हातपाय ह्या वाटेवर गेले, जे मेले नाहीत म्हणून कोणत्याही स्मारकात नाहीत, त्यांची. हे काम दिल्लीहून होणार नाही. रोहा, कोलाड, माणगाव, वीर ह्या पट्ट्यात त्या वेळचे मुकादम, मोजणीदार, खडी वाहिलेल्या बाया अजून आहेत, आणि त्यांना गावाची नावे, बोगद्यांची तोंडे, साल-महिना सगळे आठवते. पेण आणि रोह्याच्या वाचनालयांनी येत्या पावसाळ्यापूर्वी चार-दोन तरुण वह्या घेऊन पाठविले तर आमच्या संघटनेची माणसे त्यांना घरे दाखवावयास तयार आहेत.